व्हायवाला एक खुर्ची वाढवा : तंत्रशिक्षणाच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की मानव्यविद्यांचा विषय बैठकीत कधी येतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. गणित, विज्ञान, ब्रँचचे मुख्य विषय, इलेक्टिव्ह, प्रोजेक्ट यांची वाटणी होते, सगळे थकतात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘ह्युमॅनिटीजचं काय करायचं?’ उरलेल्या क्रेडिटमध्ये बसेल तेवढं बसवू, असं ठरतं. मी तंत्रशिक्षण संस्थेत समाजशास्त्र शिकवते, म्हणजे त्या उरलेल्या क्रेडिटवरच माझी रोजीरोटी आहे. तरी हे पत्र क्रेडिट वाढवून मागण्यासाठी नाही. आमचे विषय तुम्ही ज्या ठिकाणी ठेवले आहेत, ते ठिकाण चुकलं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

आमची गाठ मुलांशी पडते ती बहुतेक वेळा पहिल्या वर्षात. तेव्हा त्यांनी काहीच बनवलेलं नसतं. तंत्रज्ञान आणि समाज यांच्या नात्यावर मी बोलते, ती वहीत उतरवून घेतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ज्याने अजून एकही गोष्ट डिझाइन केलेली नाही, त्याला डिझाइनमधल्या निवडीबद्दल काय वाटणार? तिसऱ्या-चौथ्या वर्षी जेव्हा तो खरोखर निवडी करू लागतो (हे मटेरियल की ते, सेन्सर इथे की तिथे, चाचणी इतक्यावर थांबवायची की आणखी घ्यायची), तेव्हा आम्ही त्याच्या आसपासही नसतो. आमचा पेपर सुटून दोन वर्षं झालेली असतात.

याने काय बिघडतं, ते नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या उदाहरणावरून सांगते. तिथे तांत्रिक कारण सापडल्यावरही चौकशी थांबली नाही, म्हणून ते निवडलं. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान आकाशातच फुटलं. सात अंतराळवीर गेले. मधल्या दोन आठवड्यांत काही अभियंत्यांना काळजी वाटत होती. कक्षेत असतानाच त्या पंखाची छायाचित्रं मिळावीत, असे प्रयत्न त्यांनी केले. ते वर पोहोचले नाहीत, किंवा पोहोचून विरले. फोम याआधीच्या उड्डाणांतही पडला होता, यानं सुखरूप परतली होती. त्यामुळे हा परतल्यावर करायच्या दुरुस्तीचा मामला आहे, अशी वरच्यांची समजूत झाली होती.

चौकशी मंडळाच्या अहवालात त्या दिवसांतली एक स्लाइड छापलेली आहे. ठळक मथळा धीर देणारा. खाली आकडेवारी, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ : ज्या चाचण्यांच्या आधारे हा अंदाज बांधला आहे, त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्षात आदळला तो १९२० घन इंचांचा असावा. म्हणजे ६४० पट मोठा. माहिती दडवलेली नव्हती, कागदावर होती. फक्त ती अशा जागी होती, की वाचणाऱ्याने धीर घेऊन पुढे जावं. मुलांना अहवाल लिहायला शिकवणं म्हणजे व्याकरण सुधारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही स्लाइड एकदा पाहावी.

पण त्याहून महत्त्वाचा धागा पुढे आहे. १७ वर्षं आधी, २८ जानेवारी १९८६ रोजी, चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं होतं. त्याचंही तांत्रिक कारण लवकर सापडलं : थंडीत कडक झालेल्या रबरी ओ-रिंग, म्हणजे रॉकेटच्या सांध्यांतून वायू गळू नये म्हणून बसवलेल्या कड्या. डायेन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नासाचे कागद अनेक वर्षं चाळले आणि १९९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वरिष्ठांनी जाणूनबुजून नियम मोडले असतील, असं सगळ्यांनाच वाटत होतं. वॉन यांना दिसलं ते वेगळंच. ओ-रिंग झिजल्याचं आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं. यान परत आलं, म्हणून तेवढी झीज ‘चालण्यासारखी’ ठरली. पुढच्या खेपेला थोडी जास्त झीज, तीही बसवून घेतली. प्रत्येक पायरीवर कागदपत्रं नीट होती, बैठका रीतसर झाल्या होत्या. नियम पाळत पाळतच चालण्यासारखं म्हणजे किती, त्याची रेषा सरकत गेली. याला वॉन यांनी ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असं नाव दिलं.

कोलंबियाच्या चौकशीत वॉन यांची साक्ष झाली आणि पुढे मंडळाने त्यांना कामातच सामील करून घेतलं. अहवालातलं एक अख्खं प्रकरण दोन्ही अपघातांच्या तुलनेवर आहे. संस्थेच्या कार्यसंस्कृतीचा या अपघातात फोमइतकाच वाटा होता, असं मंडळाने स्पष्ट लिहिलं. मला यातली बोचणारी गोष्ट ही, की पहिल्या अपघाताचं हे निदान दुसऱ्या अपघाताच्या सात वर्षं आधीच छापून बाजारात होतं. ते समाजशास्त्राच्या कपाटात होतं, एवढंच.

आता हे मी वर्गात कसं शिकवू? सध्याच्या पद्धतीने शिकवायचं तर : ‘विचलनाचे सामान्यीकरण म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण द्या (गुण ४).’ मुलं लिहितील, गुण घेतील. त्याच दुपारी प्रयोगशाळेत जाऊन, आलेख सरळ येत नाही म्हणून दोन रीडिंग जुळवून घेतील आणि जर्नलवर सही घेतील. रीडिंग जुळवणं हा आपल्या सगळ्यांचा उघड व्यवहार आहे. शिक्षकाला ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असतं, आणि शिक्षकाला ठाऊक आहे हेही मुलाला ठाऊक असतं. चालण्यासारखं म्हणजे किती, ही रेषा सरकवण्याचं पहिलं प्रशिक्षण आपणच देतो, तेही गुण देऊन. हा धडा नैतिकतेच्या तासाला देऊन भागणार नाही. तो त्या प्रयोगशाळेतच, त्या न जुळणाऱ्या रीडिंगपाशीच द्यावा लागतो, आणि तो एकट्या समाजशास्त्राच्या बाईंना देता येत नाही, कारण ते रीडिंग का जुळलं नाही हे त्यांना सांगता येणार नाही. एकट्या प्रयोगशाळेच्या सरांनाही तो जड जातो. त्यांना वेळापत्रक संपवायचं असतं. दोघं एकाच वेळी तिथे हवेत.

यंत्र वापरणाऱ्या माणसाचं ऐकून घेणं, ही दुसरी गोष्ट. थेरॅक-२५ हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा दिला; त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे यांत्रिक अडसर या यंत्रात काढून टाकून भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. रुग्ण सांगत होते, विजेचा झटका बसल्यासारखं झालं, भाजलं. कंपनीचं उत्तर : असं होऊच शकत नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ साली दोन अपघात झाल्यावर तिथला भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ एकत्र बसले आणि तिने त्या दिवशी कळा कशा दाबल्या होत्या, ते पुन्हा पुन्हा करून पाहत राहिले. बिघाड सापडला. सरावाच्या हाताने माहिती झटपट दुरुस्त केली, की तो घडायचा. कंपनीला तो करून दाखवता येत नव्हता, कारण त्यांच्या माणसांचा हात तितका जलद नव्हता.

रोज तेच काम करणाऱ्या माणसाला ‘तू हे नेमकं कसं करतेस, दाखव’ असं विचारणं, मध्ये न बोलता पाहणं, टिपून घेणं, ही आमच्या विषयांची साधी रोजची पद्धत आहे. तिला क्षेत्रकार्य म्हणतात. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये तिच्या जागी काय असतं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवलेला गूगल फॉर्म आणि त्याचा रंगीत पाय चार्ट. वृद्धांसाठी उपकरण बनवणाऱ्या मुलांनी हॉस्टेलमधल्या मित्रांची मतं गोळा केलेली असतात, आणि परीक्षक त्यावर ‘सर्व्हे केला आहे, छान’ म्हणून पुढे जातात. मुलांना मी दोष देत नाही. प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

बांगलादेशच्या कूपनलिकांचं उदाहरणही मी शिकवते, पण जपून, कारण त्यातली सगळी चूक आमच्या खात्यावर ओढण्याचा मोह होतो. १९७०च्या दशकात तळी-नद्यांच्या दूषित पाण्याने होणारे अतिसार थांबवण्यासाठी सरकारने युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खणायला सुरुवात केली. हेतू रास्त होता. भूजलात आर्सेनिक आहे का, हे तेव्हा तपासलं गेलं नाही. ते १९९३ साली उघड झालं. २०००च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या लेखात साडेतीन ते ७.७ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज होता. आर्सेनिक न तपासणं ही रसायनशास्त्राची चूक. तिथे आम्ही काही शिकवायला जाऊ नये. आमचं काम सुरू होतं त्यानंतर. कूपनलिकांच्या नळांची तपासणी झाली, विषारी पाण्याचे नळ लाल रंगवले, सुरक्षित हिरवे. तांत्रिक उत्तर पुरं झालं. पण बहुतेक नळ खाजगी, कुणा ना कुणाच्या अंगणातले. आपला नळ लाल झाला तर दिवसातून अनेकदा दुसऱ्याच्या अंगणात जायचं, ते कुणी? बाईने. त्या घराशी बोलणं आहे का? किती लांब? अंतर वाढलं की नळ बदलणाऱ्यांचं प्रमाण घटतं, असं पाहण्यांत दिसलं. म्हणजे पाण्याची खरी व्यवस्था नकाशावर नव्हती, नात्यांत होती. नळाची जागा ठरवणाऱ्या अभियंत्याला हे प्रश्न सुचायला हवेत, आणि ते आपोआप सुचत नाहीत.

संगणकाच्या ब्रँचला वाटतं, हे सगळं सिव्हिलवाल्यांचं. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली २०१८ साली तपासल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ‘एकूण अचूकता’ या एका आकड्याखाली हे झाकून जात होतं. माणसांचे गट पाडून मोजावं की नाही, हा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे की समाजशास्त्राचा? मला सांगता येत नाही, आणि सांगता येऊ नये, असंच माझं म्हणणं आहे.

तुमच्यापुढे मी काही परकी मागणी ठेवते आहे, असंही नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार १९८९ सालचा. त्याच्या २०१३च्या यादीत पदवीधराच्या अंगी असावेत असे १२ गुण होते. पहिले पाच तांत्रिक. उरलेले सात? अभियंता आणि समाज, पर्यावरण, नीती, गटात काम, संवाद, प्रकल्पाचं व्यवस्थापन, आयुष्यभर शिकत राहणं. निम्म्याहून जास्त. २०२१ला यादी सुधारताना पदवीधराला काय ज्ञान हवं, याच्या पहिल्याच कलमात निसर्गविज्ञानाच्या शेजारी समाजविज्ञानांची जाण आली. आपण याचं काय केलं? एक्सेलची एक शीट केली. प्रत्येक विषयाच्या निष्पत्तीसमोर त्या गुणांच्या रकान्यांत १, २, ३ आकडे भरतो. थर्मोडायनॅमिक्ससमोर ‘अभियंता आणि समाज’ या रकान्यात १ टाकताना कुणी काय विचार करतं, हे मी आजवर अनेकांना विचारलं आहे. सगळे हसतात. तपासणी समितीला शीट पूर्ण दिसते.

क्रेडिटच्या आकड्यांत मी अडकत नाही, तरी दोन आकडे सांगून पुढे जाते. एमआयटीमध्ये पदवीसाठी सगळ्यांना सक्तीच्या १७ विषयांपैकी ८ मानव्यविद्या, कला आणि समाजविज्ञानांचे आहेत. तिथल्या या विद्याशाखेचा पाया ज्या समितीच्या १९४९च्या अहवालाने घातला, तिचे अध्यक्ष वॉरन लुईस हे रासायनिक अभियंते होते, साहित्याचे प्राध्यापक नव्हेत. भारतात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात १६० क्रेडिटपैकी १२ आमच्यासाठी होती, तीही व्यवस्थापनासह. राज्यघटना आणि पर्यावरण हे विषय सक्तीचे आणि शून्य क्रेडिटचे. सक्तीचा पण शून्य किमतीचा, याहून स्पष्ट संदेश मुलांना देता येणार नाही. मात्र आठ विषय असूनही ते वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसांकडून, मुख्य विषयांशी काही देणंघेणं नसल्यासारखे शिकवले, तर फार फरक पडेल असं मला वाटत नाही. म्हणून मी आकडा मागत नाही.

आमच्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. तंत्रज्ञानावर टीका करणारे माझे अनेक सहकारी प्रयोगशाळेची पायरी चढलेले नसतात. आमच्या क्षेत्रात न्यूयॉर्कच्या पुलांची एक गोष्ट फार लाडकी आहे : रॉबर्ट मोझेस या नगररचनाकाराने लाँग आयलंडच्या रस्त्यांवरचे पूल मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या बसगाड्या किनाऱ्यापर्यंत जाऊ नयेत. १९८०च्या एका निबंधाने ती जगभर नेली. १९९९ साली एका जर्मन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्या रस्त्यांवर बसगाड्यांना एरवीही बंदी होती, आणि पुलांच्या उंचीमागे हाच हेतू होता असं ठामपणे म्हणता येत नाही. तरी ती पाठ्यपुस्तकांतून हलत नाही. मी ती आता शिकवते ती दोन्ही बाजूंनी, आणि मुलांना सांगते, गोष्ट पटली म्हणून खरी धरू नका, पुलाची उंची आणि वाहतुकीचे नियम दोन्ही बघा. हे काम मला एकटीला नीट जमत नाही. शेजारी वाहतूक अभियांत्रिकीचे कुणीतरी बसले, तर तो तास खरा होतो.

आणि कृपा करून सॉफ्ट स्किल्सला मानव्यविद्या म्हणू नका. मुलाखतीत कसं बसावं, हे शिकवायला हरकत नाही. ते आमच्या क्रेडिटमधून नको.

आता मागणं. तिसऱ्या वर्षी प्रत्येक ब्रँचने आपला एक मुख्य डिझाइनचा विषय निवडावा आणि तो दोन शिक्षकांनी एकत्र शिकवावा, एक त्या ब्रँचचा, एक मानव्यविद्यांचा. आळीपाळीने नाही, दोघं एकाच वर्गात, एकाच वेळी. यात खरी अडचण वैचारिक नसून वर्कलोडची आहे. एक तास दोघांनी घेतला की कार्यालय तो अर्धा-अर्धा मोजतं, आणि सहा महिन्यांत दोघंही कंटाळून सोडून देतात. तो तास दोघांच्याही नावावर पूर्ण मोजला जाईल, एवढा एक ठराव तुमच्या शिफारशीने झाला, तर निम्मं काम झालं.

फायनल इयर प्रोजेक्टच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समाजविज्ञानांचा एक परीक्षक बसवा, आणि त्याच्या हातात गुण द्या. पाहुणा म्हणून बसवलंत तर तो शेवटी एक प्रश्न विचारेल आणि सगळे घड्याळाकडे बघतील. त्याने विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे कोण वापरणार? त्याला विचारलंत का, आणि नक्की काय विचारलंत? बंद पडलं तर कुणाचं काम अडेल? कोणतं रीडिंग तुम्ही वगळलंत, आणि का? पहिल्या वर्षी मुलं गडबडतील. दुसऱ्या वर्षी हे प्रश्न येणार म्हणून आधीच कामाला लागतील. व्हायवाला जे विचारतात त्याचीच तयारी होते, हे आपण सगळे जाणतो.

शिक्षक पूर्णवेळ हवेत. तासिका तत्त्वावर येऊन तीन संस्थांत धावणाऱ्या माणसाकडून प्रयोगशाळेत बसण्याची अपेक्षा करता येत नाही. परीक्षाही बहुपर्यायी नको. एक अहवाल लिहायचा, शेरे घ्यायचे, पुन्हा लिहायचा.

‘तास कुठून आणायचे?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. वरच्या योजनेत नवे तास जवळजवळ नाहीत, आहेत तेच दोघांनी घ्यायचे आहेत. पण डिझाइनच्या विषयातला काही भाग गळेल, हे मी लपवत नाही. जी गणितं आज सॉफ्टवेअर करतं आणि मुलं फक्त परीक्षेपुरती हाताने सोडवतात, त्यांतली काही जातील. काय काढायचं हे तुम्हीच ठरवा, ते माझ्या अधिकारातलं नाही. आणि ‘मॅडम, हे प्लेसमेंटला विचारतात का?’ या मुलांच्या प्रश्नाला मी खरं उत्तर देते : बहुतेक ठिकाणी नाही विचारत. नोकरीचं गाजर दाखवून हे विषय गळी उतरवायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे. तुम्हीही प्रस्तावात तसं लिहू नये.

सगळ्या ब्रँचना एकदम लागू करा, असा आग्रह नाही. एक ब्रँच, एक विषय, दोन वर्षं. त्या दोन वर्षांच्या प्रोजेक्ट रिपोर्टची त्याआधीच्या दोन वर्षांच्या रिपोर्टशी बाहेरच्या परीक्षकांकडून तुलना करून घ्या, आणि फरक दिसला नाही तर योजना बंद करा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर वर्कलोडचा ठराव आणि व्हायवाचा परीक्षक हे दोन विषय घ्या, आणि चर्चा थकण्याआधी घ्या. टिपणाचा मसुदा मागाल त्या दिवशी पाठवते. कोणत्या ब्रँचपासून सुरुवात करायची, तेवढं कळवा.

आपली नम्र,
तंत्रशिक्षण संस्थेत समाजशास्त्र शिकवणारी एक प्राध्यापिका